बाकी एक

२०११ सालचा फेब्रुवारी महिना. शाळा सुटली की जनगणनेची पिशवी खांद्याला अडकवून मी निघायचो. माझ्या वाट्याला आलेला प्रगणन गट औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका लहानशा गावाचा होता, सहाशेच्या आतबाहेर माणसांचा. हरभरा निघत होता. कुठं हळद खणून पडली होती, कुठं शिजत होती. हळद शिजते तेव्हा गावावर एक उबदार, मातकट वास धरून राहतो. कपड्यांत, वह्यांत, बोटांत शिरतो. त्या वासातून घरोघर फिरत मी माणसं मोजली. गणित शिकवण्यात माझी हयात गेली, पण मोजणं ही काय गोष्ट आहे ते मला त्या वीस दिवसांत समजलं.

गावाच्या कडेला एक पत्र्याचं घर होतं. ओसरीवर एक आजी वाळलेली हळद निवडत बसली होती. गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. मी शेजारी टेकलो आणि तक्ता उघडला.

"आजी, घरात माणसं किती?"

तिनं हातातलं हळकुंड खाली ठेवलं आणि अंगठा करंगळीच्या पेरावर नेला. पेर न् पेर दाबत, ओठातल्या ओठात एकेक नाव घेत ती पुढं सरकली. करंगळीची तीन पेरं झाली, अनामिकेची तीन झाली, मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर अंगठा थांबला.

"सात."

"आणि तुमचं वय?"

"तीन इसा आन वर पाच."

मी ६५ लिहिलं. पुढं एकेकाचं नाव विचारत गेलो तेव्हा हिशेब जुळेना. घरात ती, तिचा म्हातारा आणि दोन नातू. उरलेले तिघं, म्हणजे ल्योक, सून आणि दीड वर्षाची नात, दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेले होते ते पाडव्याला येणार होते. नियम स्पष्ट होता. ९ ते २८ फेब्रुवारी या सगळ्या काळात जो घरी नाही त्याला त्या घरात लिहायचं नाही. तो जिथं असेल तिथं लिहिला जाईल.

"आजी, त्या तिघांना मला इथं धरता येत नाही. ते जिथं आहेत तिथला माणूस त्यांना लिहील."

"तिथं म्हंजी फडात?"

"हो, फडात."

"कोपीपाशी येतंय का कुणी लिव्हायला?"

"आलंच पाहिजे, आजी. माझ्यासारखाच एक गुरुजी तिकडंही नेमलेला असतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मुकादमाच्या वहीत माझा ल्योक आन सून मिळून येक कोयता. नात तर त्याच्या वहीत न्हाईच. तुमच्या वहीत तरी तीन लिव्हा, गुरुजी."

मी चार लिहिले. तिचा अंगठा मात्र सातव्या पेरावरून हलला नव्हता.

शेवटी मार्चच्या १ ते ५ तारखेला उजळणीची फेरी झाली. देशाची लोकसंख्या एका क्षणाची धरायची असते. तो क्षण होता २८ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतानाचा, रात्री बाराचा. माझी भेट होऊन गेल्यावर त्या क्षणापर्यंत कुणी गेलं असेल तर कमी करायचं, कुणी जन्मलं असेल तर वाढवायचं. एका घरी म्हातारबाबा २ मार्चच्या सकाळी गेले होते. अंगणात दुखवट्याची माणसं बसलेली. त्यांचं नाव मी तसंच ठेवलं, कारण त्या मध्यरात्री ते होते. चार घरं ओलांडून पुढं गेलो तर एका तरुण बापानं माझ्या हातावर पेढा ठेवला. "गुरुजी, एक माणूस वाढलं, लिव्हा." मुलगी १ मार्चच्या पहाटे तीनला झाली होती. तीन तासांनी राहिली. मी पेढा खाल्ला, पोरीच्या कपाळाला बोट लावलं, आणि तिला न लिहिता बाहेर पडलो. नियमाप्रमाणं दोन्ही नोंदी बरोबर होत्या. गेलेला माणूस मोजला गेला होता आणि आलेलं माणूस राहून गेलं होतं.

यथावकाश अंतिम आकडे आले. हिंगोली जिल्हा: ११,७७,३४५. पुरुष ६,०६,२९४, स्त्रिया ५,७१,०५१. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला, म्हणून २००१ची जनगणना त्याची पहिली. तेव्हा तो ९,८७,१६० माणसांचा होता. वर्तमानपत्रात हे आकडे एका चौकटीत आले. लोकांनी वाढीचा दर पाहिला, साक्षरता पाहिली, आणि चौकट संपली. मी ती संख्या वहीत उतरवून घेतली. तिच्यात माझे सहाशे होते.

संख्या ओळखीची झाली की गणिताच्या माणसाला तिचा स्वभाव पाहावासा वाटतो. एका संध्याकाळी मी ती सोडवायला बसलो. शेवटी ५ आहे, तेव्हा पाचानं भाग जाणार हे उघड होतं. भाग दिला, २,३५,४६९ आले. त्याला तीनानं भाग गेला नाही, सातानं नाही, अकरानं नाही. तेरानं गेला आणि १८,११३ राहिले. मग बराच वेळ काही लागेना. सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस... प्रत्येक मूळ संख्येशी थांबत थांबत एकोणसाठपर्यंत आलो तेव्हा गाठ सुटली. ५९ आणि ३०७. तर हिंगोली जिल्हा म्हणजे ५ गुणिले १३ गुणिले ५९ गुणिले ३०७. चार वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच, एकही दुसऱ्यांदा नाही. अशा संख्येला वर्गमुक्त म्हणतात. तिचे विभाजक सोळा. तिला सोडून बाकीच्या पंधरांची बेरीज केली तर ३,७४,९७५ भरते, म्हणजे मूळ संख्येहून आठ लाखांनी कमी. बेरीज अशी कमी पडते त्या संख्येला न्यून म्हणतात. पण याच न्यून संख्येचे अंक मिळवा, एक, एक, सात, सात, तीन, चार, पाच, होतात २८. आणि २८ ही परिपूर्ण संख्या आहे. तिचे स्वतःखेरीजचे विभाजक १, २, ४, ७ आणि १४ मिळवले की पुन्हा २८च येतात.

एवढ्यावर मी वही मिटणार होतो. तेवढ्यात पंगत आठवली. आमच्याकडे सप्ताह उठतो तेव्हा काल्याच्या दिवशी सगळं गाव जेवायला बसतं, आणि किती किती जणांच्या ओळी धरायच्या यावर वाढप्यांची चर्चा होते. मनात आलं, सगळा जिल्हाच पंगतीला बसला तर? दोन-दोनच्या ओळी धरल्या तर एक माणूस उरतं; संख्या विषम आहे, तेव्हा त्यात नवल नाही. तीन-तीनच्या धरल्या, एक उरलं. चार-चारच्या, एक. सहाच्या, एक. सातच्या, एक. आठच्या, एक. नऊच्या, एक. मी पुन्हा पुन्हा भागाकार करून पाहिला. दोनापासून नवापर्यंत कशाच्याही ओळी धरा, एक माणूस पानाबाहेर उभं राहतंच. फक्त पाच-पाचच्या ओळी केल्या तर सगळे बसतात आणि कुणी उरत नाही. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ. आमच्या जिल्ह्याचे तालुकेही पाचच. हा योगायोगच आहे, पण तो पाहून मला मनापासून आनंद झाला.

कारण शोधायला एकच पायरी मागं जावं लागतं. ११,७७,३४५ मधून एक काढा. ११,७७,३४४ या संख्येचं घर अगदी वेगळं आहे. तिच्यात दोन आठ वेळा आहे, तीन दोन वेळा आहे, सात आहे आणि त्र्याहत्तर आहे. तिचे विभाजक किती? एकशे आठ. जपमाळेत मणी असतात तेवढे. दोनापासून नवापर्यंत, फक्त पाच सोडून, तिला कशाच्याही ओळींत बसवा, ती बसते. आणि विभाजकांची बेरीज तिथं न्यून नाही, विपुल आहे. एक माणूस कमी असतं तर आमचा जिल्हा असा गोलगरगरीत, कितीतरी ओळींत सामावणारा झाला असता. त्या एका माणसानं संख्येचा सगळा स्वभाव पालटून टाकला. सोळा विभाजकांची, चार मूळ संख्यांची, न्यून, वर्गमुक्त अशी जी ही संख्या आहे ती त्या शेवटच्या एकामुळं आहे.

मोठ्या संख्येपुढं एकाला काय किंमत, असं आपण सहज म्हणून जातो. मोजमापात ते खरं असेल. अकरा लाखांत एक म्हणजे टक्केवारीला जाणवतही नाही. पण संख्येच्या आत शिरून पाहिलं की तिथं एक हलला आणि सगळं हललं असा कारभार असतो. शेजारशेजारच्या दोन संख्यांत एक सोडून सामाईक विभाजकच नसतो; त्या एकमेकींना सगळ्या बाजूंनी परक्या असतात. हे मुलांना मी पंचवीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा चेहरा मिळाला. पहाटे तीनला आलेली ती मुलगी तीन तास आधी आली असती, तर माझ्या वहीतली प्रत्येक ओळ खोटी ठरली असती.

पंगतीबाहेर उभ्या राहिलेल्या एकाची गोष्ट आमच्या मुलखात आधीपासून आहे. नामदेव महाराजांचा जन्म परंपरेनं इथल्या नरसीचा, १२७०चा. औंढ्याच्या नागनाथापुढं ते कीर्तनाला उभे राहिले तेव्हा त्यांना तिथून उठवलं, देवळाच्या मागं जायला सांगितलं. ते मागं गेले आणि तिथं कीर्तन धरलं. तेव्हा देऊळच फिरलं आणि त्याचं दार त्यांच्याकडं झालं, असं आमच्याकडं घरोघर सांगतात. लहानपणी मला यातला चमत्कार आवडायचा. आता वाटतं, ही भागाकाराची गोष्ट आहे. सगळ्यांना ओळीत बसवून झालं, एकजण उरला, आणि देव ओळी सोडून त्या बाकीकडं वळला.

याच औंढ्यात त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले. आणि याच नामदेवांच्या नावावर एक फार मोठी संख्या आहे, शतकोटी. वाल्मीकींनी शतकोटी रामायण रचलं, तर मी विठ्ठलाचे शतकोटी अभंग करीन, अशी त्यांची प्रतिज्ञा परंपरा सांगते. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'लीलावती'त स्थानांची जी नावं दिली आहेत त्यांत कोटी, मग अर्बुद, मग अब्ज, असं चढत परार्धापर्यंत जाता येतं. शतकोटी म्हणजे त्यातलं अब्ज, एकावर नऊ शून्यं.

मी याही संख्येपाशी बसलो. दोन नऊ वेळा आणि पाच नऊ वेळा, एवढंच तिचं भांडवल. त्यावरून विभाजक मोजले तर दहा गुणिले दहा, बरोबर शंभर. शतकोटीला शंभर विभाजक! ती हजाराचा घन आहे, पण वर्ग नाही. तिच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून जास्त भरते, म्हणून ती विपुल. आणि तिला तीनानं भागा किंवा नवानं भागा, बाकी एक.

नामदेवांचं आयुष्य ऐंशी वर्षांचं मानतात. ऐंशी वर्षांत शतकोटी म्हणजे रोज चौतीस हजारांवर अभंग. झोप नाही, जेवण नाही असं धरलं तरी अडीच सेकंदांना एक. आज त्यांच्या गाथेत दोन-अडीच हजार अभंग मिळतात. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. प्रतिज्ञा फसली असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. शतकोटी ही संख्या गाठायची नव्हतीच. विठ्ठलाचं नाव घेऊन संपत नाही हे सांगायला ती हवी होती. त्या प्रतिज्ञेत सगळं घर वाटेकरी झालं, आणि त्यात घरातली दासी जनीही होती. घरची माणसं मोजताना जी सहज सुटून गेली असती ती जनाबाई. पण आज पहाटेच्या जात्यावर ओवी उरली आहे ती तिचीच. शतकोटीत जनीचा एकेक अभंग किती भरतो, हा हिशेब मांडून चालत नाही. अभंग म्हणावा लागतो.

आपल्याकडं संख्यांच्या स्वभावाकडं माणसासारखं पाहणारा एक शिक्षक होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि मग १९३०पासून १९६२ला निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. गणितज्ञांच्या पंगतीत त्यांना बराच काळ पान मिळालं नाही. १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा ते सत्तरीत होते आणि जगाला देवळाली कळली.

त्यांची ६१७४ ही संख्या पुष्कळांना माहीत आहे. चार अंक घ्या, सगळे सारखे नसले म्हणजे झालं. ते मोठ्याकडून लहानाकडं मांडा, त्यातून लहानाकडून मोठ्याकडं मांडलेले वजा करा, आणि उत्तराशी हेच पुन्हा करा. जनगणनेचं २०११ हे सालच घेऊ. २११०मधून ११२ गेले, १९९८ राहिले. ९९८१मधून १८९९ गेले, ८०८२. ८८२०मधून २८८ गेले, ८५३२. ८५३२मधून २३५८ गेले, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च राहते. सगळी वजाबाकी झाल्यावर जे ढळत नाही ते त्यांनी शोधलं.

मला त्यांचं दुसरं काम जास्त जवळचं वाटतं. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. नवी संख्या जन्मते, आणि जुनी तिची जनक ठरते. पण काही संख्या अशा असतात की त्यांना जनकच नसतो. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून त्या येत नाहीत. १, ३, ५, ७, ९, मग २०, मग ३१. यांना मराठीत स्वयंभू संख्या म्हणतात. आजीचा 'ईस' स्वयंभू आहे! औंढ्याच्या नागनाथाला आम्ही स्वयंभू ज्योतिर्लिंग मानतो, म्हणून हा शब्द आमच्या कानाला फार ओळखीचा.

मग साहजिकच मी जिल्ह्याच्या संख्येचं कूळ शोधायला निघालो. ती स्वयंभू नाही. ११,७७,३२२च्या अंकांची बेरीज २३. ती मिळवली की ११,७७,३४५. जनक सापडला. त्याचा जनक ११,७७,२८८. त्याच्या वर ११,७७,२६२, मग ११,७७,२४०, मग ११,७७,२२०. कयाधूच्या काठानं उगमाकडं चालत जावं तसा मी एकेक पायरी वर चढत होतो. ११,७७,२२०पाशी थबकलो. तिथं दोन प्रवाह येऊन मिळत होते. ११,७७,२०१मध्ये १९ मिळवले तरी तीच येते, आणि ११,७७,१९२मध्ये २८ मिळवले तरी तीच. कापरेकरांनी अशा संगमसंख्यांचीही दखल घेतली होती. धाकट्या प्रवाहानं वर गेलो तर लगेच वाट संपली. ११,७७,१९२ला जनकच नाही. ती स्वयंभू निघाली, आणि तिच्या अंकांची बेरीज पुन्हा तीच परिपूर्ण २८. थोरल्या प्रवाहानं गेलो: ११,७७,१६९, ११,७७,१४४, ११,७७,११८, ११,७७,०८७ आणि शेवटी ११,७७,०५८. शक्य ते सगळे जनक तपासले, एकही बसेना. हाही उगम स्वयंभूच. रात्री दोन वाजले होते. आमच्या जिल्ह्याच्या संख्येला दोन स्वयंभू उगम आहेत एवढं मी वहीत लिहिलं आणि खालती रेघ ओढली. या शोधाचा कुणाला काही उपयोग नाही. पण आपल्या माणसांची संख्या कुठून कुठून वाहत आली हे कळल्यावर जे समाधान वाटलं, तसं फार थोड्या गोष्टींनी वाटलं आहे.

आता औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून जाऊन परत येणारा लेसरचा प्रकाश. हे दोन किरण परतताना एकमेकांना पुरते खोडून काढतील अशी त्यांची मांडणी असते. एकातून दुसरा गेला, उरलं शून्य. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली आणि त्या घटनेची गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली, तर एक भुजा कणभर लांबते, दुसरी कणभर आखडते, आणि वजाबाकी शून्य येत नाही. हा फरक एकावर एकवीस शून्यं मांडली तर त्या मोठ्या संख्येत एक, इतका सूक्ष्म. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी पहिली लहर टिपली; ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती.

हे वाचलं तेव्हा मला पुन्हा ती ओसरी दिसली. इतकं मोठं यंत्र बांधायचं, इतके लोक राबवायचे, आणि वाट कशाची पाहायची? बाकीची. सगळं एकमेकांत वजा होऊन गेल्यावर जे उरतं तीच विश्वाची खबर. शास्त्रज्ञ त्या बाकीला चूक म्हणून झटकत नाहीत. ती खरी आहे ना, ती नेमकी कुठून आली, याचा ते महिनोन्महिने छडा लावतात. माणसं मोजतानाही असाच छडा लावायला हवा. ज्याला कुठल्याच ओळीत जागा मिळाली नाही त्याच्याकडं आधी वळून पाहायला हवं, कारण भागाकारात काय झालं ते तोच सांगतो.

२०११नंतरची जनगणना २०२१ला व्हायची होती, ती राहिली. आता नव्या गणनेचा क्षण ठरला आहे, १ मार्च २०२७ची मध्यरात्र. या वेळी प्रगणकाच्या हातात कागदाचा तक्ता नसेल, मोबाइल असेल. मी निवृत्त झालो आहे, तेव्हा ती पिशवी माझ्या खांद्याला येणार नाही. पण जे तरुण शिक्षक जातील त्यांच्याशी बोलताना मी दोन गोष्टी सांगतो. फडातल्या कोप्या चुकवू नका. तिथं मुकादमाच्या वहीत दोघांचा एक होतो आणि लेकराचं शून्य, तुमच्या हातात मात्र दोघांचे दोन आहेत आणि लेकराचा एक. आणि कुणी पेरांवर मोजायला लागलं तर मध्ये बोलू नका, अंगठा थांबेपर्यंत थांबा.

पहाटे तीनला आलेली ती मुलगी आता मोठी झाली असेल. २०२७च्या त्या मध्यरात्री तिला सोळावं पुरं व्हायला तीन तास कमी असतील, म्हणून तिच्या नावापुढं पूर्ण वर्षं पंधराच पडतील. पंधरा वर्षं ती जेवली, शाळेत गेली, पावसात भिजली, आणि देशाच्या बेरजेत मात्र अजून नव्हती. त्या रात्री जिल्ह्याची जी काही नवी संख्या होईल तिच्यात तिचा एक असेल. ती संख्या सम निघेल की विषम, न्यून की विपुल, मला माहीत नाही. आकडा छापून आला की मी वही उघडीन, तारीख घालीन आणि पाचापासून भागायला बसेन.